लोडिंगमध्ये बोलू

माझ्या दादाला वाकडं बघवत नाही. स्वभावाने तो कुणाचंही वाकडं चालवून घेणारा माणूस आहे, पण वस्तू मात्र त्याला सरळ लागते. कुणाच्या घरी गेला की हातात दिलेलं पाणी प्यायच्या आधी तो भिंतीवरचा फोटो सरळ करतो. बँकेत रांगेत उभा राहिला की पुढच्या काउंटरवरचं कॅलेंडर. एकदा आम्ही दवाखान्यात एका आजारी नातेवाइकाला भेटायला गेलो, तर याने सलाइनचा स्टँड सरळ केला. तिथल्या सिस्टरबाईंनी मग त्यालाच सरळ दाराबाहेर उभं केलं.

त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि टोकाला भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर हाताएवढं आणि खालचं मुंगीएवढं. गिऱ्हाईक आत आलं की ते काय म्हणतंय हे ऐकायच्या आधी दादाने त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतलेला असतो. काडी अंगठ्याने जराशी दाबायची, नाकावरचं आवळायचं, फडक्याने काच पुसायची आणि चष्मा परत ठेवायचा. मग म्हणायचं, "आता बघा." बहुतेकांना खरंच बरं दिसतं. पुष्कळ जण नवा चष्मा घ्यायला आलेले असतात आणि जुन्याच चष्म्यावर खूश होऊन घरी जातात. धंदा असा करू नये हे वहिनीने त्याला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसते. पाणी आलं नाही, कमी आलं, गढूळ आलं, नको तेव्हा आलं, आणि शेजाऱ्याकडे आलं पण आमच्याकडे नाही, हे सगळं दिवसभर तिच्या कानात ओतलं जातं. ती प्रत्येकाला एकाच आवाजात सांगते, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." हे वाक्य आता तिच्या जिभेला इतकं बसलंय की घरीही बाहेर पडतं. दादा म्हणाला की चहा पांचट झालाय, तर त्याचीही तक्रार नोंदवली जाते. पुढे काही होत नाही.

अशी बाई संध्याकाळी घरी आली की काय करेल? आमची वहिनी पर्स खुंटीला लावते, तोंडावर पाणी मारते आणि गाडी चालवायला बसते.

गाडी कॉम्प्युटरवरची. मूळ कॉम्प्युटर तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. तो नोकरीसाठी दूर गेला तेव्हा गेम खेळायचं ते भलंमोठं यंत्र, त्याचं स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक वगैरे सगळं इथेच ठेवून गेला. विकून टाका म्हणाला. वहिनीने विकायच्या आधी पुसायला घेतलं, पुसताना चालू झालं, आणि चालू झालं ते मग बंद करवेना. ती खेळते त्या शर्यतीत रस्त्यावर एकटी आपलीच गाडी असते. रस्ता मात्र साधा नसतो, कधी जंगलातला चिखल, कधी बर्फ, कधी डोंगराच्या कडेवरची खडी. स्पर्धा फक्त घड्याळाशी. आणि अशा गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी आणखी एक जण बसतो, पुढचं वळण कसलं ते आधीच सांगणारा. गेममध्ये हे सांगायला एका पुरुषाचा आवाज असतो. तो वहिनीने पहिल्या दिवशीच बंद केला. दिवसभर कानात पुरुष ओरडत असतात, म्हणाली, घरी आल्यावर तरी नको.

मग ते काम दादाकडे आलं. तसं त्याला कुणी बोलावलं नव्हतं. टेबल जरा तिरकं लागलंय म्हणून तो सरळ करायला आला आणि स्टुलावर बसला तो बसलाच. पडद्याच्या वरच्या बाजूला पुढच्या वळणाचा छोटासा बाण येतो. रस्त्यावर नजर ठेवून बाणाकडे बघणं वहिनीला जमत नसे. दादाचा तर जन्मच लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेण्यात गेलेला. तो वाचायला लागला. "डावं, मोठं. उजवं, अगदी बारीक. पुढे खड्डा आहे, सांभाळ." माझी वहिनी पन्नाशीची, गुडघ्याला पट्टा लावणारी बाई. पण दादाच्या तोंडातून "उजवं, बारीक" निघालं की ती हँडब्रेक ओढून अशी काही वळते की मागे पलंगावर बसलेली मी माझा चहा सावरते.

आता महत्त्वाचं सांगते. तो कॉम्प्युटर जुना होता. एक रस्ता संपला की पुढचा रस्ता उघडायला त्याला वेळ लागायचा. पडदा काळा व्हायचा आणि खाली एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत राहायची, गोगलगाय बरी अशी. तेवढ्या वेळात दोघांना काही करण्यासारखं नसायचं. उठून जावं तर रेघ संपेल, बसावं तर बघायला काही नाही. म्हणून ती दोघं बोलायची. एकमेकांकडे न बघता, रेघेकडे बघत.

एरवी या नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे "गॅस संपत आलाय" आणि "बरं." पण त्या रेघेसमोर बसून त्यांनी काय काय ठरवलं आहे. मुलाचं लग्न ठरवलं. वहिनीने बढती घेऊ नये हे ठरवलं, कारण बढती म्हणजे फोन घ्यायचे सोडून फोन घेणाऱ्यांवर ओरडायचं. माझ्या सासरचं एक जुनं भांडण मिटवायचं कसं, हेही तिथेच ठरलं आणि मिटलंही. त्या घरात त्या वेळेला 'लोडिंग' म्हणतात. सकाळी घाईत काही विषय निघाला की दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, आत्ता नको, लोडिंगमध्ये बोलू. मी फोनवर काही सल्ला विचारला तर दादा म्हणतो, आजच्या लोडिंगमध्ये घेतो तुझा विषय. जसं काही मंत्रिमंडळच बसणार आहे.

आणि अशातच दादाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

त्याचं त्यालाच कळलं. दुकान बंद करून आत एकटाच तक्त्यासमोर उभा राहिला, उजवा डोळा झाकला, आणि ज्या ओळी तो शेकडो लोकांकडून वाचून घेतो त्यांच्यापाशी स्वतःच अडखळला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऑपरेशन करून टाका, अवघड काही नाही. हे दादाला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. तो स्वतःच प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सांगत असतो, अहो, घाबरता काय, चहा गार व्हायच्या आत होतं ते. पण स्वतःच्या डोळ्यावर आलं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. मला फोन करून सांगितलं आणि शपथ घातली की वहिनीला बोलायचं नाही. मीच सांगतो, म्हणाला. लोडिंगमध्ये.

रोज रेघ सुरू व्हायची, रोज तो खाकरायचा, पाणी प्यायचा, गुडघ्यावरची विजार सारखी करायचा, आणि रेघ संपायची.

इकडे बाण त्याला नीट दिसत नव्हतेच. उजव्या वळणाला तो बिनधास्त "डावं" म्हणायचा. वहिनीची गाडी झाडात जायची, नाल्यात जायची, एकदा तर एका गोठ्याची भिंत फोडून आत गेली. वहिनी काही बोलायची नाही. तिने कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत मला फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं की यांना कंटाळा आलाय गं. लक्ष नसतं. माझं मन राखायला म्हणून शेजारी बसतात. एकदा स्पष्टच विचारणार आहे, बसायचं नसेल तर नका बसू म्हणून. मी म्हटलं, मग विचार की. तर म्हणते, विचारते ना, लोडिंगमध्ये. आणि तू यांना काही बोलू नकोस, तुला माझी शपथ.

माझ्या तोंडात अशा दोन शपथा, दोन गालांत दोन. मी काही दिवस त्या घरी जायचंच टाळलं, कारण मी बसले असते तर बोलले असते.

त्याच सुमारास कॉम्प्युटर तापायला लागला. आतला पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. भाच्याने फोनवर सांगितलं, बाबा, उघडून धूळ झाडा आणि प्रोसेसरवरचा तो चिकट लेप बदला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, एवढं मलाही माहीत आहे. वहिनीची रविवारची ड्यूटी होती. दादाने दुकानातलं भिंग उजव्या, चांगल्या डोळ्याला लावलं, बारीक चिमटे आणले आणि टेबलावर पांढरं फडकं अंथरून कामाला बसला. धूळ झाडली. पंखा काढला. जुना लेप पुसला. इथपर्यंत सगळं छान झालं. मग प्रोसेसरच्या खालीही धूळ असेल म्हणून त्याने तोही उचलला.

खाली केसासारख्या बारीक सोनेरी पिनांचं एक शेतच्या शेत. आणि सगळ्या पिना एका बाजूला कललेल्या.

दादाला वाटलं, घर रंगवताना हमालांनी हे यंत्र आपटलं असणार आणि त्यात बिचाऱ्या सगळ्या वाकल्या. अशा अवस्थेत हा कॉम्प्युटर इतके दिवस कसा चालला याचंच त्याला नवल वाटलं. त्याने चिमटा घेतला आणि पहिल्या रांगेतली पहिली पिन सरळ केली. मधेच त्याने मला फोन केला, आवाजात जुनं सोनं सापडल्यासारखा आनंद. दोन रांगा झाल्या, म्हणाला, मान मोडली पण काम सुरेख चाललंय. मी विचारलं, सगळ्या एकाच बाजूला वाकल्यात? म्हणाला, एकजात. मी म्हटलं, मग तशाच असतील. यावर त्याने मला सांगितलं की तुला यातलं काही कळत नाही, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी वहिनीने बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळा तो काळाच. लोडिंगची रेघसुद्धा आली नाही.

दादाने कबूल केलं. माझा दादा चूक लपवत नाही, त्याला तेवढी कल्पनाशक्ती नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, टेबलावरचे चिमटे बघितले, पांढरं फडकं बघितलं आणि म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं दादाने मला त्या रात्री निदान चार वेळा सांगितलं.

बाजाराच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. तो लहानथोर सगळ्यांना साहेब म्हणतो, बायकांनाही, त्यामुळे सगळे त्यालाच साहेब म्हणतात. साहेबांनी यंत्र उघडलं, आत दिवा धरला आणि मग बराच वेळ दादाकडे बघितलं.

"साहेब, हे कुणी केलं?"

"मी."

"का पण?"

"वाकल्या होत्या."

साहेबांनी मागच्या फळीवरून नवं खोकं काढलं, त्यातून कोरा मदरबोर्ड काढला, म्हणजे ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर प्रोसेसर बसतो. तिच्यावरचं झाकण उघडून दादाच्या नाकासमोर धरली. सगळ्या पिना एका बाजूला कललेल्या.

"साहेब, या वाकड्याच जन्माला येतात. वर प्रोसेसर बसला की स्प्रिंगसारख्या दबल्या पाहिजेत म्हणून."

दादाने भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "सगळ्याच?" असं त्याने विचारलं. त्याच्या मनात अजून एखादी सरळ निघेल अशी आशा होती.

तर परिस्थिती अशी. प्रोसेसर ठणठणीत, पण तो जिच्यावर बसायचा ती पाटी कामातून गेली. तशा जुन्या पाट्या आता नव्या मिळत नाहीत. कुणाच्या मोडक्या कॉम्प्युटरमधून काढलेली मिळाली तर मिळेल, नाही तर नाही, आणि मिळाली तरी किती दिवस चालेल याची खात्री कुणी देणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या प्रोसेसरवर पाणी सोडायचं आणि नवा घ्यायचा. मग पाटी नवी, मेमरी नवी, डिस्कही नवीच घ्या, साहेब म्हणाले. नव्या गाडीला छकड्याची चाकं लावून काय उपयोग? भाच्याचंही तेच मत. आई, बाबांनी चुकून का होईना पण चांगलं काम केलं, तो म्हणाला, कधीतरी बदलायचाच होता.

दादाला तर घ्यायचा होताच. अपराध्याला शिक्षा हवी असते, तसं त्याला दुकानातलं सगळ्यात भारी जे असेल ते घेऊन द्यायचं होतं. अडून बसली ती वहिनी. बघू म्हणाली. कशाला एवढं म्हणाली. साहेबांचा फोन आला की नंतर कळवते म्हणायची आणि कळवायची नाही.

दादाने मला सांगितलं, तिने अजून मला माफ केलेलं नाही, म्हणून घेत नाही. वहिनीने मला सांगितलं, नवा घ्यायचा आणि यांनी पुन्हा मन मारून शेजारी बसायचं, त्यापेक्षा राहू दे बंद. मी दोघांनाही म्हटलं की एकमेकांशी बोला. दोघांनीही मला म्हटलं की बोलणारच होतो. पण कधी? त्यांचं बोलायचं ठिकाणच साहेबांच्या दुकानात उघडं पडलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी मी गेलेच. स्टिअरिंगवर टॉवेल झाकलेला. आणि बैठकीच्या खोलीत दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांवर, दात काढायला आलेली माणसं बसतात तशी. दादा पेपरच्या घड्या एकावर एक ठेवून कडा जुळवत होता. वहिनी पंख्याकडे बघत होती. मी म्हटलं, अरे, वेळ आहे, जागा आहे, बोला की काहीतरी. दादा म्हणाला, काय बोलू? वहिनीने मात्र माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच अडाण्यासारखं बोलले.

"नुसतं समोरासमोर बसून कोण बोलतं गं?"

तिचं खरं होतं. माझा नवराही गाडी चालवताना जेवढं बोलतो तेवढं घरात आठवडाभरात बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी निर्वाणीचा फोन केला. तुमचाच गेम नव्या यंत्रावर टाकून ठेवलाय, म्हणाले, एकदा येऊन चालवून बघा, मग नाही म्हणा. मी मधे पडले आणि दोघांना घेऊन गेले. घेऊन म्हणजे जवळजवळ ओढूनच.

नवं यंत्र काचेच्या पेटीत होतं आणि आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. वहिनीने स्टिअरिंगवर हात ठेवले तसा तिचा चेहरा जरा खुलला. दादा शेजारच्या स्टुलावर बसला. मी मागे उभी. साहेबांनी बटण दाबलं, पडदा काळा झाला आणि खाली पांढरी रेघ उमटली.

सवयीचा गुलाम माणूस. रेघ दिसताच दादाने स्टूल पुढे ओढलं, खाकरला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सुरू झाला, "अगं ऐक ना, एक सांगायचं राहिलंय. माझ्या डाव्या..."

रस्ता समोर हजर. दिवा हिरवा.

"बघितलंत साहेब?" साहेब आनंदाने म्हणाले. "श्वास घ्यायला वेळ नाही."

वहिनीचा पाय सवयीने दाबला गेलाच होता. गाडी सुसाट निघाली. दादा दचकून बाण शोधायला लागला, त्याला जो दिसला तो त्याने वाचला, "डावं, डावं," आणि वळण होतं उजवं. गाडी कठड्यावरून उडून खाली एका शेतात उलटी पडली. चाकं वर, गरगर फिरताहेत. कोपऱ्यातलं घड्याळ चालूच.

आमच्या वहिनीची एक रीत आहे. घड्याळ चालू असताना तिच्याशी कुणी बोललेलं तिला खपत नाही. मी एकदा शर्यतीच्या मधे साखर कुठे आहे विचारलं होतं, ते तिने अजून मला विसरू दिलेलं नाही. त्या वहिनीने स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढले आणि खुर्ची वळवून दादाकडे बघितलं.

"डाव्या काय?"

साहेब मागून सांगत होते की तो पिवळा खटका दाबा, गाडी परत रस्त्यावर येते. थांबा हो जरा, असं म्हणून वहिनीने त्यांना गप्प केलं.

दादाने पडद्याकडे बघितलं. रेघ नव्हती. मग त्याने उलट्या गाडीच्या चाकांकडे बघत सांगून टाकलं, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करायचंय. मला भीती वाटते."

"म्हणून उजव्याला डावं म्हणता?"

"बाणाला दोन्हीकडे टोकं दिसतात. मग एक निवडतो."

"निवडता?" वहिनी म्हणाली. "मी गोठ्यात घातली गाडी, ती तुम्ही निवडून सांगितल्यावर?" आणि मग एकदम आवाज खाली आणून, "म्हणजे तुम्हाला कंटाळा नाही आलेला?"

"कसला?"

"शेजारी बसायचा."

"अगं, दुपारपासून वाट बघत असतो," दादा म्हणाला, "कधी एकदा शटर ओढतो म्हणून."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, पण ती गोठा आठवून हसत होती. तिचं बघून मी हसले. मला तर दोन शपथांमधून एकदम सुटका मिळाली होती, मी खुर्चीची पाठ धरून हसले. दादा आधी जरा रागावला आणि मग त्यालाही आवरेना. साहेब मोठे समजूतदार, त्यांनी हळूच हात पुढे करून इंजिनाचा आवाज बंद केला. घड्याळ मात्र चालूच होतं.

डोळे पुसून वहिनी उठली. म्हणाली, साहेब, जुनी पाटी शोधा.

साहेबांना कळेना. इतकं सुंदर यंत्र, इतकं झटपट. त्यात नावडण्यासारखं काय आहे? फार लवकर सुरू होतं, वहिनी म्हणाली. साहेब म्हणाले, अहो साहेब, लोक त्याच्यासाठीच तर येतात. दादाही मधे पडला, की मी बिघडवलंय तर मला चांगलं घेऊन देऊ दे, तुला शोभेल असं. तेव्हा वहिनी त्याच्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "यांच्या तोंडातून एक वाक्य बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच वेळ जुन्याला लागतो. माझा प्रोसेसर धडधाकट आहे. तुम्ही पाटी बघा."

साहेब म्हणाले की एवढ्या वर्षांत सावकाश चालणारं यंत्र मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. वहिनीने त्यांचीही तक्रार नोंदवून घेतली.

भाचा फोनवर चांगलाच चिडला. आई, लोडिंग कमी व्हावं म्हणून तर सगळं जग प्रोसेसर बदलतं, तुम्ही ते वाढवायला जुना ठेवताय? वहिनी शांतपणे म्हणाली, "तुझं लग्न त्याच लोडिंगमध्ये ठरलं. नव्या प्रोसेसरवर तू अजून बिनलग्नाचा असतास." पलीकडे मागून सुनेचं हसणं ऐकू आलं. मग भाचा म्हणाला, बरं, ऑपरेशनला मी येऊ का? दादाने लगेच सांगितलं की त्यात येण्यासारखं काय आहे, चहा गार व्हायच्या आत होतं ते. वहिनीने फोन काढून घेतला आणि ये म्हणून सांगितलं.

ऑपरेशन झालं. टेबलावर आडवं झाल्यावर दादाने डॉक्टरांना सांगितलं म्हणे की वरचा दिवा जरा डावीकडे कललाय. डॉक्टर म्हणाले, बुबुळ हलवू नका, दिव्याचं मी बघतो. बाहेर बाकावर वहिनी बसली होती, तिच्या हातातला चहा गार झाला, तिने तो ओतून दुसरा घेतला, तोही गार झाला. बाहेर आल्याबरोबर तिने त्याला हे ऐकवलं. तुमच्या गिऱ्हाइकांना यापुढे दोन चहा सांगत जा.

जुनी पाटी साहेबांना एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सापडली. ते स्वतः घरी घेऊन आले आणि आधी दादाला दुसऱ्या खोलीत बसवा म्हणाले. दादाच्या डोळ्यावर हिरवा चष्मा, हातात चहा, आणि दाराशी मी पहाऱ्याला. आतून स्क्रू पिळल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला दादाची बोटं शिवशिवत होती. काम झाल्यावर साहेबांनी यंत्राच्या तोंडावर एक लेबल चिकटवलं. वर सुवाच्य अक्षरात: आतल्या पिना तिरक्याच असतात. हात लावू नये. आणि ते लेबल त्यांनी चांगलं ठळक तिरकं चिकटवलं. ती आयडिया त्यांची की वहिनीची, हे दोघांनीही आजवर सांगितलेलं नाही.

डोळा बरा होऊन दादा पुन्हा स्टुलावर बसला त्या संध्याकाळी मी पलंगावर होते. त्याने बाण असे वाचले की विचारू नका. "उजवं, मध्यम. मग लगेच डावं, बारीक. डावीकडच्या झाडावर पाटी आहे, तिच्यावर काहीतरी लिहिलंय, मोठं कर जरा." वहिनी म्हणाली, पाटी वाचायला मी गाडी थांबवणार नाही. रस्ता एका दमात संपला, कुठे झाड नाही, नाला नाही. पडदा काळा झाला. रेघ उमटली आणि आपल्या चालीने निघाली.

दादाची नजर नव्या डोळ्यासकट लेबलवर गेली. हात वर उचलला गेला.

"हात खाली," वहिनी म्हणाली. "काही बोलायचं असेल तर बोला."

दादाने हात मांडीखाली घातले आणि खाकरला नाही, पाणी प्यायला नाही, काही नाही. "उजव्या डोळ्यातही सुरू झालाय," म्हणाला. "पुढच्या वर्षी करू."

"करू," वहिनी म्हणाली.

विषय संपला. रेघ अजून अर्ध्यावरही आली नव्हती. दोघं तिच्याकडे बघत बसली. वहिनीने गुडघ्याचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. दादाने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मलाही काही सुचेना, माझ्या तोंडात आता कुणाचीच शपथ नव्हती. रेघ आपली सरकतेय.

शेवटी वहिनीने एक उसासा टाकला.

"करा सरळ ते लेबल," म्हणाली. "तेवढाच वेळ जाईल."